जागेचे प्रश्न : स्टॅम्पपेपरवरचा प्लॉट आणि बहिणीची सही

या खेपेच्या पत्रांमध्ये मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, वाठोडा ही नावं सारखी येत राहिली. नागपूर शहराच्या कडेची शेतं गेली, तिथे प्लॉट पडले, प्लॉटवर घरं उभी राहिली, घरांत सुना-नातवंडं आली. कागद मात्र पहिल्या दिवशी होता तसाच ट्रंकेत पडून आहे. दुय्यम निबंधक म्हणून नोकरी करताना ज्यांचे दस्त नोंदवले त्यांच्यापेक्षा ज्यांचे नोंदवता आले नाहीत ती माणसं मला जास्त आठवतात. म्हणून पहिल्या पत्राला यावेळी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : वडिलांनी १९८६ मध्ये मानेवाडा भागात एका गृहनिर्माण संस्थेकडून दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेतला. स्टॅम्पपेपरवर करारनामा, कब्जापत्र आणि हप्त्यांच्या पावत्या आहेत, रजिस्ट्री नाही. १९९० पासून घर आहे. टॅक्स, लाइट, नळ सगळं वडिलांच्या नावावर. वडील आता नाहीत. वरचा मजला चढवायला कर्ज मागितलं तर बँक नाही म्हणते. सातबारावर मूळ शेतकऱ्याच्या मुलांची नावं आहेत आणि त्यातला एक जण पुन्हा पैसे मागतो. इतकी वर्षं राहतो, तरी आम्ही मालक नाही का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, आधी स्पष्ट सांगते. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अजून मालक नाही. पण कोणीही येऊन तुम्हाला घराबाहेर काढावं इतकी तुमची बाजू पडकीही नाही. हे दोन्ही नीट समजून घेतलंत तर घाबरून पुन्हा पैसे मोजायची पाळी येणार नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५४ सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. करारनामा म्हणजे ‘पुढे विकून देईन’ असं वचन. त्याने मालकी सरकत नाही. टॅक्स पावतीने तर नाहीच, कारण महानगरपालिका घरात राहणाऱ्याकडून कर घेते, तो मालक आहे की नाही याचा निवाडा करत नाही. नोटरीचा शिक्का असला तरी फरक पडत नाही. आममुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा जुडगा करून प्लॉट विकायची पद्धत आपल्याकडेही होती. त्याने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात साफ सांगितलं. बँकेचा तुमच्यावर राग नाही, तिला गहाण ठेवून घ्यायला मालकी दिसत नाही.

तुम्ही पत्रासोबत झेरॉक्स जोडल्या हे फार चांगलं केलं. त्या मी सावकाश वाचल्या. करारनाम्याच्या पहिल्याच परिच्छेदात संस्थेने स्वतःला मालक म्हटलेलं नाही. ‘सदर खसऱ्याचा मूळ मालकाशी सौदा केलेला असून’ असे शब्द आहेत. म्हणजे संस्थेच्या हातातही तेव्हा इसारचिठ्ठीच होती, रजिस्ट्री नव्हती. चतुःसीमा बरोबर लिहिली आहे : पूर्वेला शेजारचा प्लॉट, दक्षिणेला तीस फुटी रस्ता, नंबरासह. सचिवांची सही आहे, अध्यक्षांची जागा कोरी आहे. आणि आता कब्जापत्राचं शेवटचं पान पुन्हा उघडा. खाली डाव्या कोपऱ्यात ‘संमती देणार’ असं लिहून एक अंगठा आहे, त्याच्यापुढे दोन साक्षीदारांच्या सह्या. नाव मूळ शेतकऱ्याचं आहे, तेच जे जुन्या सातबारावर आहे.

हा अंगठा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे. त्याच अधिनियमातलं कलम ५३-अ असं आहे की लेखी कराराप्रमाणे ज्याने ताबा घेतला आणि आपल्या बाजूचे पैसे दिले किंवा द्यायला तयार आहे, त्याचा ताबा करार करून देणारा आणि त्याचे वारस मोडू शकत नाहीत. २४ सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना या संरक्षणासाठी नोंदणी सक्तीची झाली. तुमचा करार १९८६ चा, म्हणून नोंदणी नसली तरी हे कलम तुमच्या कामी येऊ शकतं. शेतकऱ्याने काहीच लिहून दिलं नसतं तर त्याची मुलं ‘आमचा तुमच्याशी करारच नाही’ म्हणू शकली असती. आता तसं म्हणणं त्यांना जड जाईल. मूळ कब्जापत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, उद्या अंगठा तपासायची वेळ आली तर प्लास्टिकखालचा कागद तज्ज्ञाला तपासता येत नाही.

मात्र ५३-अ ही ढाल आहे, तिने मालकी मिळत नाही. मालकीसाठी रजिस्ट्री करूनच घ्यावी लागेल. पैसे मागणारा मुलगा एकटा ती करून देऊ शकत नाही. तो फार तर स्वतःच्या हिश्शाचा दस्त करेल. सातबारावरचे सगळे वारस लागतील, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा, आणि संमतीसाठी संस्था. संस्था बंद पडली असेल तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तिची फाइल मागा. अवसायक, म्हणजे बंद संस्थेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, नेमला असेल तर त्याचं नाव तिथे मिळेल. तुमच्याकडूनही एकट्याचं नाव चालणार नाही, आई आणि भावंडं वारस म्हणून येतील. मुद्रांक आजच्या बाजारमूल्यावर भरावा लागेल, वडिलांनी तेव्हा दिलेल्या किमतीवर नाही. नोंदणी शुल्क १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला गेला पाहिजे.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम ठळक करते आहे. शेतकऱ्याच्या वारसांना स्वतःच्या मनाने नोटीस किंवा व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवू नका, त्यावर नकार आला तर मुदत मोजायला लागू शकते. करार पुरा करून मागायच्या दाव्याला, करारात तारीख ठरलेली नसेल तर, समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तुमच्या करारात तारीख नाही. ‘पैसे द्या तरच सही’ हा नकार ठरतो का, कधीपासून ठरतो, हे दिवाणी वकिलाने कागद पाहून ठरवायचं आहे. त्यासाठी याच महिन्यात जा. शेजारी ‘बारा वर्षं झाली, आपोआप तुमचं झालं’ म्हणत असतील तर त्यावर विसंबू नका. प्रतिकूल ताब्याचा नियम मालकाच्या विरोधात घुसून बसलेल्या ताब्याचा आहे, तुम्ही तर संमतीने, पैसे देऊन आत आलात.

राहिली गुंठेवारी, म्हणजे शेताचे तुकडे पाडून परवानगीशिवाय विकलेले प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने १ जानेवारी २००१ पर्यंतचे अनधिकृत प्लॉट नियमित करायची सोय केली, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नागपूर सुधार प्रन्यासच्या गुंठेवारीतल्या ५७२ आणि १९०० लेआउटच्या याद्या आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. तुमचा लेआउट त्यात असेल तर डिमांड, म्हणजे मागणीपत्रातली रक्कम, भरा आणि आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, घ्या. बांधकाम परवानगीला तो कागद लागेलच. पण आरएल म्हणजे प्लॉट नियमात बसला एवढंच. प्लॉट कोणाचा, या वादाचं उत्तर आरएलमध्ये नसतं. दोन्ही कामं वेगवेगळी आहेत आणि दोन्ही करायची आहेत.

प्रश्न : माझं लग्न १९९२ मध्ये झालं. वडील २००३ मध्ये गेले. काटोल तालुक्यात सहा एकर संत्र्याचा बगिचा आहे. आई, एक भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. भाऊ हक्कसोड लेख टाइप करून घेऊन आला, म्हणाला सातबारावर नाव चढवायला हा लागतो, सगळ्या बहिणी देतात. त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही. सही करू का?
— एक भगिनी, महाल

उत्तर : ताई, भावाने जे कारण सांगितलं ते खरं नाही. नाव चढवायला हक्कसोड लागत नाही. वडिलांचा मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज पटवाऱ्याकडे दिला की वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, सगळ्या वारसांची नोंद होते आणि मग फेरफार पडतो. सगळ्यांची, तुमच्यासकट. हक्कसोड लागतो तो तुमचं नाव काढायला.

आता तुमचा हक्क किती ते पाहा. सातबारावर वडिलांच्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक आहे. त्या फेरफाराची नक्कल काढा. त्यात जमीन वडिलांकडे ‘खरेदीने’ आली, ‘वारसाने’ आली की ‘वाटणीने’, ते लिहिलेलं असतं. खरेदीने असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे आई, भाऊ आणि तुम्ही दोघी असे चार सारखे वाटे. आजोबांकडून आलेली असेल तर हिशेबाची पद्धत बदलते, पण तुमचा वाटा भावाइतकाच. लग्न १९९४ च्या राज्याच्या दुरुस्तीआधी झालं, वडील २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीआधी गेले, म्हणून हक्क नाही असं कोणी सांगेल. ऐकू नका. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि केंद्राची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असणं गरजेचं नाही. अट एवढीच की २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी झालेली नसावी.

नोंदणीच्या टेबलावर फोटो निघतो, मशीनवर अंगठा ठेवला जातो आणि अधिकारी विचारतो, ‘हा दस्त तुम्ही करून दिला, मान्य आहे?’ कितीतरी बहिणी त्या वेळी मागे उभ्या असलेल्या भावाकडे पाहून मान हलवायच्या. मी त्यांना बसवून पहिलं पान वाचून दाखवायची. ‘माझा व माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क, हिस्सा, हितसंबंध राहणार नाही’ या ओळीवर आल्यावर काही जणींचा चेहरा बदलायचा. एक जण म्हणाली होती, ‘मॅडम, माझ्या लेकरांचंही गेलं का यात?’ हो, जातं. नोंदवलेला हक्कसोड नंतर ‘मला समजला नव्हता’ म्हणून सहज मागे घेता येत नाही. फसवणूक झाली हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं आणि तेही कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून.

तुम्हाला भावाला जमीन द्यायचीच असेल तर जरूर द्या. बगिचा त्याने राखला, पाण्याला त्याने पैसा घातला, हे तुम्ही पत्रात मोकळेपणाने लिहिलं आहे आणि ते मला आवडलं. पण आधी सगळ्यांची वारस नोंद होऊ द्या. मग बसून ठरवा : वाटा सोडायचा, त्याची रक्कम घ्यायची की थोडा भाग ठेवायचा. रक्कम ठरली तर ती दस्तातच लिहून घ्या. आईचा वाटा मात्र कोणालाही सोडू देऊ नका, ती असेपर्यंत तो तिच्या नावावर राहू द्या. हे मी अधिकारी म्हणून नाही, बाई म्हणून सांगते.

प्रश्न : बेसा भागात शेतजमिनीची रजिस्ट्री झाली. आता पटवाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : नोंदणीकृत दस्ताची सूचना दुय्यम निबंधकाकडून ऑनलाइन पुढे जाते. पटवारी गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो, संबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तरी गाफील राहू नका. महिनाभराने डिजिटल सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी नाव, क्षेत्र आणि गट क्रमांक पाहा. शहरातली जागा असती तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात आखिव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, झालं असतं.

प्रश्न : मुलाने ॲडलेडला घर घेतलं. तिथे म्हणे सरकारच मालकीची खात्री देतं. आपल्याकडे सरकारी कार्यालयात रजिस्ट्री होऊन, एवढा मुद्रांक भरूनही लोक फसतात. मग रजिस्ट्रीचा उपयोग काय?
— एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

उत्तर : सर, तुमचा मुलगा नेमका त्याच प्रांतात आहे जिथे ही पद्धत जन्मली. रॉबर्ट टॉरेन्स यांच्या प्रयत्नाने १८५८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा झाला : सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक, मागचे कागद खणायची गरज नाही, आणि नोंदवहीच्या चुकीमुळे कोणाचं नुकसान झालं तर भरपाईची सोय. तिथे मालकी नोंदवली जाते.

आपण १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने दस्त नोंदवतो. अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक माणसाला हा कागद करून दिला, याची ती नोंद. विकणारा खरंच मालक होता का, हे तपासायचा अधिकार दुय्यम निबंधकाला नाही. तामिळनाडूने तो अधिकार देणारा एक नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये याच कारणाने रद्द केला. सातबाराचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ म्हणतं की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या शब्दांत आपल्या दिवाणी कोर्टातले निम्मे खटले मावतात. नीती आयोगाने २०२० मध्ये खात्रीच्या मालकीच्या कायद्याचा नमुना तयार केला, तो राज्यांनी उचलायचा आहे. माझं मत विचाराल तर तो दिवस लवकर यावा. म्हाताऱ्या माणसाने आयुष्याची पुंजी घालून घेतलेल्या घराची खात्री सरकारने द्यायला हवी.

तोवर रजिस्ट्रीचा उपयोग आहेच, आणि मोठा आहे. मालमत्तेवर पुढचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला तुमचा दस्त माहीत होता असं कायदा धरतो. फक्त त्याआधीची तपासणी आपल्याला करावी लागते. वकील तीस वर्षांचा सर्च घ्यायला सांगतात त्याला आधार आहे : गहाण सोडवायची मुदतच तीस वर्षांची असते, एवढ्या जुन्या गहाणाचा वारसही उभा राहू शकतो. सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, त्याच्या नकला काढा आणि साखळीत खंड आहे का पाहा. नागपुरात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : जागा नझूलची, म्हणजे सरकारी मालकीची, आहे का? सिव्हिल लाइन्स, सदर भागात कितीतरी बंगल्यांची जमीन सरकारची आणि राहणारा पट्टेदार आहे. बंगला पाहून इसार देऊ नका. आखिव पत्रिकेवर धारणाधिकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली त्याचा, रकाना वाचा, पट्ट्याची मुदत पाहा, नूतनीकरण झालं का ते पाहा, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का ते विचारा.

प्रश्न : शेजाऱ्याने २०१७ मध्ये भिंत बांधताना दीड-दोन फूट आमच्यात घेतली असं वाटतं. तो म्हणतो मोजून घ्या. प्लॉटची स्वतंत्र आखिव पत्रिका आहे. कोणाला बोलवायचं?
— एक वाचक, वाडी

उत्तर : खासगी सर्व्हेअरची मोजणी तुमच्या समाधानापुरती चालेल, वादात ती टिकायची नाही. भूमी अभिलेख कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करून हद्द कायम मोजणी मागा. लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि खुणा कुठे ठोकल्या त्याचे फोटो काढा. नंतर मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत मिळते, तिच्यात हद्द आणि प्रत्यक्ष ताबा दोन्ही दाखवलेलं असतं. शेजाऱ्याला मोजणी पटली नाही तर तो निमताना, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो, तो त्याचा हक्क आहे, त्यावरून भांडू नका.

भूकरमापक हद्द दाखवतो, भिंत पाडत नाही. अतिक्रमण निघालं आणि शेजारी ऐकेना तर दिवाणी न्यायालयात जावं लागेल. तिथे भूमी अभिलेखाच्याच अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून मागता येतं. मालकीच्या आधारे ताबा मागायची मुदत बारा वर्षं, म्हणजे तुमच्या भिंतीसाठी २०२९. मोजणी, निमताना, समजुतीची बोलणी यांत वेळ जातो, म्हणून अर्ज पावसाळ्याआधीच टाका.